नाहुआत्ल चित्रलिपीतील स्थलनामे

नाहुआत्ल चित्रलिपीतील स्थलनामे म्हणजे मध्य मेक्सिकोतील नाहुआत्लभाषक समाजांनी गावे, नगरे व प्रांत यांची नावे लिहिण्यासाठी वापरलेली चिन्हे होत. अझ्टेक या नावाने परिचित असलेले मेशिका लोक याच समाजांपैकी होत.

रचना

नाहुआत्ल स्थलनामे बहुधा नाम व स्थानवाचक प्रत्यय यांच्या संयोगाने बनतात. नंदुरबार जिल्ह्यातील 'चिंचपाडा' या नावात झाड व वस्ती एकत्र येतात, त्याचप्रमाणे 'चापुल्तेपेक' या नावात चापोलिन (नाकतोडा) व तेपेत्ल (डोंगर) एकत्र येतात. हे नाव डोंगर व त्यावरील नाकतोडा अशा चित्राने लिहिले जाते. येथे चित्रातून थेट अर्थ कळतो.

ध्वनिदर्शक चिन्हे

'जवळ', 'वर' अशा अर्थाच्या प्रत्ययांचे चित्र काढता येत नाही. त्यामुळे समान उच्चाराच्या दुसऱ्या वस्तूचे चित्र योजले जाते. मराठी आडनावातील 'कर' या प्रत्ययासाठी हाताचे चित्र काढावे, तसाच हा प्रकार आहे. त्याची प्रमुख उदाहरणे अशी :

* -त्लान : दात (त्लांत्ली). 'कुआउतित्लान' या नावासाठी दात असलेले झाड काढतात.
* -पान : निशाण (पांत्ली). 'तोच्पान' या नावासाठी ससा व निशाण काढतात.
* -नाउआक (जवळ) : मुखातून निघणारे वाणीचिन्ह. 'कुआउनाउआक' म्हणजे 'झाडांजवळ'. त्यासाठी बोलणारे झाड काढतात. स्पॅनिश लोकांच्या तोंडी या नावाचे 'कुएर्नावाका' झाले.
* -त्सिंको (लहान) : शरीराचा कमरेखालील भाग. 'तोलांत्सिंको' या नावात तो बोरूंसह येतो.

साधने व महत्त्व

या चिन्हांचा सर्वाधिक परिचित संग्रह म्हणजे १५४१ च्या सुमारास मेक्सिको शहरात तयार झालेले कोडेक्स मेंदोसा हे हस्तलिखित. ते ऑक्सफर्ड येथील बॉडलियन ग्रंथालयात आहे. त्यात खंडणी देणाऱ्या नगरांची चिन्हे पृष्ठांच्या कडेने मांडलेली असून सोबत त्यांची नावे रोमन लिपीत लिहिलेली आहेत. त्यामुळे चिन्हांचे वाचन पडताळता येते. स्पॅनिश अमलातही ही चिन्हे गावांच्या नकाशांत टिकून राहिली. जमीन व हद्दीच्या दाव्यांत असे चित्रमय दस्तऐवज न्यायालयांपुढे पुरावा म्हणून मांडले जात.

ही पद्धत केवळ चित्रांकन आहे की पूर्ण लिपी, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. एकोणिसाव्या शतकात फ्रेंच अभ्यासक ओबँ यांनी तिच्यातील ध्वनिमूल्ये दाखवून दिली. पुढे आल्फोन्सो लाकादेना यांनी ती शब्दचिन्हे व अक्षरचिन्हे असलेली लिपी असल्याचे प्रतिपादन केले. या वादात स्थलनामे हाच प्रमुख पुरावा ठरतो.