तैलचित्रातले तेल

एखाद्या दिवंगत लोकनेत्याचे तैलचित्र सार्वजनिक सभागृहात लावण्याची आपल्याकडे जुनी वहिवाट आहे. अनावरण होते, हार घातला जातो, भाषणे होतात, परंतु त्या सामासिक शब्दातल्या पहिल्या पदाकडे क्वचितच कोणाचे लक्ष जाते. हे तेल कोणते? ज्याची चटणी वऱ्हाडात भाकरीबरोबर खातात, त्या जवसाचे. खोबरेल बशीत ओतून महिनाभर ठेवले तरी ते वाळत नाही. जवसाचे तेल मात्र हवेतील प्राणवायू शोषून घेत हळूहळू घट्ट होत जाते, आणि बाटलीच्या तोंडाशी ओघळलेला त्याचा थेंब काही दिवसांनी बोटाने दाबून पाहावा, तर वर पिवळसर, चिवट साय धरलेली आणि आत अजून ओल, असे त्याचे रूप आढळते. पाणी वाळते म्हणजे उडून जाते. हे तेल वाळते ते जागच्या जागी, रंगाचा कण न् कण पोटात धरून. पंधराव्या शतकापासून युरोपात ज्या चित्रशैली एकामागून एक उदयास आल्या, त्यांची वंशावळ मांडताना धर्म, राजाश्रय आणि तत्त्वज्ञान यांचे दाखले पुष्कळ दिले जातात. माझ्या मते त्यांच्या पंक्तीला या तेलाच्या संथपणालाही मानाचे पान मांडले पाहिजे.

त्यापूर्वी इटलीतील चित्रकार लाकडी फलकावर रंगवताना अंड्याच्या बलकात रंग कालवीत. बलक पाहता पाहता वाळतो. त्यामुळे गालावरच्या उजेडाकडून सावलीकडे जायचे झाल्यास केसासारख्या बारीक रेघांचे जाळे विणीत जावे लागे, ओल्या रंगात ओला रंग मिसळून दोहोंमधली सीमा पुसून टाकण्याची सोय नव्हती. त्या चित्रांतील कडांचा जो निर्मळ रेखीवपणा आपल्याला मोहवतो, तो पुष्कळसा या बलकाचाच गुण होय.

तेलाच्या वापराचे जनकत्व यान व्हान आयक या फ्लेमिश चित्रकाराला बहाल केले ते वाझारीने, आपल्या १५५० मधील चित्रकार-चरित्रांच्या ग्रंथात. वॉर्निश लावलेला एक फलक त्याने उन्हात वाळत ठेवला, तो उलला, आणि सावलीत वाळणारे द्रव्य शोधता शोधता जवस व अक्रोड यांची तेले त्याच्या हाती लागली, अशी ती कैफियत. दोनशे वर्षांहून अधिक काळ ती प्रमाण मानली गेली. पुढे १७७४ मध्ये वोल्फेनब्यूटेलच्या ग्रंथालयाचा कारभार पाहणाऱ्या लेसिंगने थिओफिलस नावाच्या साधूच्या जुन्या लॅटिन पोथीचा पुरावा प्रसिद्ध केला. आज बाराव्या शतकातील मानल्या जाणाऱ्या या पोथीत जवसाच्या तेलात रंग खलण्याची कृती तर आहेच, शिवाय एक थर वाळल्याखेरीज दुसरा देता येत नाही, हे काम फार वेळखाऊ आणि कंटाळवाणे आहे, अशी तक्रारही आहे. २००८ मध्ये तर बामियानच्या गुहांतील सातव्या शतकाच्या सुमाराच्या बौद्ध भित्तिचित्रांत वाळणारी तेले सापडल्याचे संशोधकांनी जाहीर केले, आणि जनकत्वाचा दावा पार युरोपाबाहेर गेला.

तरीही व्हान आयकचा मोठेपणा उणावत नाही, कारण थिओफिलस ज्या विलंबाने त्रासला होता, त्याच विलंबाला त्याने कामाला लावले. लंडनच्या नॅशनल गॅलरीत असलेले, आर्नोल्फिनी दांपत्याचे म्हणून ओळखले जाणारे त्याचे १४३४ चे चित्र जेमतेम ८२ सेंटिमीटर उंचीच्या ओकच्या फलकावर आहे. त्यातील पितळी झुंबराच्या प्रत्येक वळणावर खिडकीतला उजेड निराळा पडला आहे, कुत्र्याचा केस न् केस सुटा आहे, आणि भिंतीवरच्या बहिर्गोल आरशात सारी खोली पाठीमागून दिसते. पातळ, पारदर्शक लेपांवर लेप चढवल्यामुळे प्रकाश त्यांतून आत शिरतो, तळाच्या पांढऱ्या अस्तरावर आपटतो आणि रंग घेऊन परततो. ते पितळ झळकते ते त्यामुळे, सोन्याचा वर्ख तेथे लावलेला नाही.

लिओनार्दोने या विलंबातून ओठांच्या कोपऱ्यांवरचे धूसर धुके निर्माण केले. व्हेनिसमध्ये दमट, खारट हवेत भिंतीवरची ओली चित्रे तग धरीनात, आणि दर्यावर्दी शहरात शिडाचे कापड मुबलक. तेव्हा लाकडाच्या जागी कॅनव्हास आला. तिशियन चित्रे महिनोन्महिने भिंतीकडे तोंड करून ठेवी, मग शत्रूला निरखावे तशी ती निरखी, आणि शेवटी कुंचल्यापेक्षा बोटांनीच अधिक रंगवी, असे त्याच्या सहवासातील पाल्माने सांगून ठेवले आहे.

या परंपरेतले मला सर्वांत प्रिय असे स्थळ ॲम्स्टरडॅमला, रेम्ब्रांटच्या 'यहुदी वधू' या १६६५ च्या सुमाराच्या चित्रात, पुरुषाच्या बाहीवर आहे. तेथे पिवळा-सोनेरी रंग गिलाव्यासारखा थापलेला, खरवडलेला, पुन्हा थापलेला आहे. बाहीच्या चुणीवर खरोखरचा उंचवटा असून खोलीतला दिवा त्यावर खरोखरच चमकतो. व्हान आयकने ज्या तेलातून काचेसारखी नितळ पाठ काढली, त्याच तेलातून ही माती निघावी, यात त्याचे सामर्थ्य दिसते.

तोवर रंग दगडी पाट्यावर वाटून चित्रशाळेतच तयार होई, आणि उरलेला डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत बांधून ठेवीत; ती टाचणीने भोसकली की रंग निघे, पण भोक पुन्हा नीट बुजत नसे. १८४१ मध्ये जॉन गॉफ रँड या अमेरिकन चित्रकाराने कथलाच्या दाबता येणाऱ्या नळीचे पेटंट घेतले. त्या नळ्या खिशात घालून मोने आणि त्याचे मित्र नदीकाठी गेले, आणि उतरत्या उन्हाशी शर्यत लावून ओल्यात ओला रंग भराभर मारू लागले. १८७४ च्या पॅरिसच्या प्रदर्शनात लोकांना जे अपुरे वाटले, ते हेच.

आपल्या मुलखाशी या कुळाचा संबंध जडला तो मुंबईच्या जे. जे. कलाशाळेमुळे. १८७२ पासून सुमारे तेरा वर्षे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे एतद्देशीय विद्यार्थी अजिंठ्यास मुक्काम करून, मातीच्या गिलाव्यावरील त्या चित्रांच्या प्रती कॅनव्हासवर तैलरंगांत उतरवीत होते. रेषा उठून दिसाव्यात म्हणून मूळ भिंतींवर वॉर्निशही फासले गेले, आणि ते पुढे काळवंडले. प्रतींपैकी बऱ्याच १८८५ मध्ये लंडनच्या आगीत जळाल्या. वाचलेल्या तेथील व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत.