सुरी लावण्यापूर्वी : पशुवैद्यकीय शिक्षणातील प्रतिमांचा इतिहास

तात्यापारा ही रायपूरमधील मराठी कुटुंबांची जुनी वस्ती. छत्तीसगढीत ‘पारा’ म्हणजे वस्तीच. इथल्या मुलीने पशुवैद्य व्हायचे ठरवले, तर दुर्गजवळच्या अंजोरा येथे महाविद्यालय आहे आणि नात्यागोत्याच्या नागपुरात 1958 साली स्थापन झालेले महाविद्यालय आहे. दोन्हीकडे अभ्यासाचा पाया एकच, तो म्हणजे शरीररचनाशास्त्र. तिच्या शिक्षणासाठी किती प्राण्यांना किंमत मोजावी लागावी, हा प्रश्न मात्र तिच्या जन्माच्या कितीतरी आधीपासूनचा आहे.

1761 मध्ये फ्रान्सच्या ल्यों शहरात आधुनिक पशुवैद्यकीय शिक्षण सुरू झाले. 1886 मध्ये मुंबईत महाविद्यालय उभे राहिले. शरीर शिकण्याचा मार्ग सर्वत्र शवविच्छेदनाचाच होता, आणि त्या शिक्षणासाठी धडधाकट प्राणीही मारले जात. एकदा कापलेला अवयव पुन्हा जोडता येत नाही. त्यामुळे प्रत्येक तुकडीला नवे शरीर लागे.

1952 मध्ये राज्यसभेच्या सदस्य झालेल्या रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी प्राण्यांवरील क्रूरतेविरुद्ध खासगी विधेयक मांडले. सरकारने स्वतः कायदा करण्याचे आश्वासन दिल्यावर त्यांनी ते मागे घेतले, आणि 1960 मध्ये तो कायदा झाला. त्याच्या 17व्या कलमाचा आशय असा : पुस्तके, प्रतिकृती, चित्रफिती आणि तत्सम साधनांनी तितकेच काम भागत असेल, तर महाविद्यालयांत प्राण्यांवरील प्रयोग टाळावेत. यातला ‘तितकेच’ हा शब्द कळीचा आहे, कारण 1960 मध्ये हातात असलेली साधने शरीराची खोली दाखवण्यात कमी पडत होती.

क्ष-किरणांचा शोध 1895चा. पुढच्याच वर्षी युरोपातील पशुवैद्यांनी घोड्याच्या खुरांच्या प्रतिमा घेतल्या. परंतु क्ष-किरणांचे चित्र ही सपाट सावली असते. मार्गात आलेले सारे अवयव त्यात एकमेकांवर चढतात. 1971 मध्ये गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने पहिल्या रुग्णाचा सीटी स्कॅन घेतला, तेव्हा ही अडचण सुटली. अनेक कोनांतून किरण सोडायचे, प्रत्येक वेळी किती शोषले गेले ते मोजायचे आणि गणिताने छेद रचायचा, ही त्यामागची पद्धत. प्रत्येक बिंदूला एक अंक मिळतो : पाण्याला शून्य, हवेला उणे 1000. 1973 मध्ये पॉल लॉटरबर यांनी चुंबकीय अनुनादातून प्रतिमा मिळवली आणि मेंदू, स्नायूबंध यांसारख्या मऊ ऊतींचे बारकावे दाखवण्याचा मार्ग खुला झाला.

शिक्षणाच्या दृष्टीने खरा बदल पुढे आहे. पाय मोडलेल्या कुत्र्याचा स्कॅन त्याच्या स्वतःच्या उपचारासाठी काढला जातो. तो बरा होऊन घरी जातो आणि त्याचे त्रिमितीय चित्र वर्गात राहते. ते हव्या त्या दिशेने, हव्या तितक्या वेळा ‘कापता’ येते. गाभण गाईची तपासणी शिकताना पूर्वी एकामागून एक विद्यार्थी त्याच गाईच्या गुदाशयात हात घालून अंदाज बांधत. तपासणी शिकायला आजही हात घालावाच लागतो. पण सोनोग्राफीच्या पडद्यावर साऱ्या वर्गाला गर्भ एकाच वेळी दिसतो आणि हाताला काय लागायला हवे ते आधीच समजते.

मर्यादाही तितक्याच खऱ्या आहेत. प्रौढ म्हैस नेहमीच्या सीटी यंत्रात मावत नाही. स्कॅनसाठी प्राण्याला स्थिर ठेवावे लागते, बहुधा भूल देऊन. यंत्र महागडे असते. शिवाय प्रतिमेतून रक्त येत नाही, आणि टाक्याचा ताण बोटांनाच शिकावा लागतो. त्यासाठी नैसर्गिकरीत्या मेलेल्या प्राण्यांची, मालकाच्या संमतीने मिळालेली शरीरे आणि अनुभवी शिक्षकाच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष रुग्णांवर होणारे उपचार, हे दोन मार्ग उरतात. त्यांपैकी कोणत्याही मार्गात शिकवण्यासाठी म्हणून प्राणी मारावा लागत नाही.

म्हणून ‘तितकेच’ या शब्दाची कसोटी एकदाच लावून भागत नाही. ती प्रत्येक धड्याला वेगळी लावावी लागते. 1960च्या कायद्यात स्कॅनचा उल्लेख असणे शक्यच नव्हते, पण ‘तत्सम साधने’ हे शब्द आहेत. भौतिकशास्त्राने त्या शब्दांत गेल्या सहा दशकांत पुष्कळ भर घातली आहे. प्रात्यक्षिकांचे वेळापत्रक आखणाऱ्या शिक्षकाने दरवर्षी ती यादी नव्याने पाहिली, तर तात्यापाऱ्यातून निघालेली विद्यार्थिनी प्राण्याचे शरीर आधी पूर्ण पाहील आणि हातात सुरी त्यानंतर घेईल.