आधी बेगमी, मग फुगडी

मुंबईच्या उपनगरांत बर्फ पडत नाही, पाऊस पडतो. पण तो इतका पडतो, की बर्फाळ देशांतल्या माणसांनी हिवाळा जसा घरात बसून काढला, तसाच अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपरच्या जुन्या रहिवाशांना पावसाळा काढावा लागला. सांताक्रूझच्या वेधशाळेत जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सरासरी दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस नोंदला जातो. 26 जुलै 2005 या एका दिवसात तिथे 944 मिलिमीटर पडला, तेव्हा एकविसाव्या शतकातले शहरही जागच्या जागी थांबले. मग ही उपनगरे ज्यावर वसली त्या साष्टी बेटाची, रेल्वे आणि पक्के रस्ते येण्याआधीची, कल्पना करावी. सगळीकडे भातखाचरे, खाजणे, खाड्या आणि गुडघाभर चिखलाच्या वाटा. अशा गावांतल्या पावसाळी करमणुकींबद्दल एक समज सर्रास ऐकू येतो. पावसात काम बंद, माणसे रिकामी, म्हणून पोथ्या, व्रते, मंगळागौर, पत्ते आणि भजने आली, असा तो समज. मला तो पटत नाही. रिकामपणाने करमणूक जन्माला येत नाही; नुसत्या रिकामपणाने भूक लागते. पावसाळ्याची मजा त्यांच्याच वाट्याला आली, ज्यांच्या घरात किंवा ज्यांच्यासाठी दुसऱ्या कोणाच्या घरात चार महिन्यांची बेगमी आधी भरून ठेवलेली होती. बाकीच्यांचे सण पाऊस ओसरताना किंवा संपल्यावर आले.

याचा सर्वात जुना पुरावा बोरिवलीच्या डोंगरातच कोरलेला आहे. कान्हेरीची शंभराहून अधिक लेणी इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकापासून पुढे हजारएक वर्षे खोदली, वापरली गेली. एरवी फिरतीवर असलेल्या बौद्ध भिक्खूंना पावसाळ्यात एका जागी राहण्याचा नियम होता, तो वर्षावास. कान्हेरीच्या खोल्यांबाहेरचे दगडी ओटे, शेजारच्या पाण्याच्या पोढी आणि अकराव्या लेण्यातली लांबलचक बैठी बाके पाहिली, की माणसांनी इथे मुक्काम करायचा, एकत्र बसायचे, ऐकायचे, चर्चा करायची, हे ठरवूनच दगड फोडला होता हे कळते. पण हा मुक्काम चालायचा कशावर? त्याचे उत्तर शिलालेखांत आहे. व्यापारी, गृहस्थ, स्त्रिया यांनी अक्षयनीवी म्हणून, म्हणजे मुद्दल कायम ठेवून, रकमा आणि शेते लावून दिली. एका लेखात तर मागाठाण्याचे शेत दिल्याचा उल्लेख आहे आणि पावसाळा इथे काढणाऱ्या भिक्खूच्या चीवराची, म्हणजे वस्त्राची, सोय त्यातून होते. नवव्या शतकातल्या, शिलाहारांच्या काळच्या लेखांत वस्त्रांसाठी आणि पोथ्यांसाठीही वेगळी रक्कम नेमलेली दिसते. पावसाळी वाचनाची तरतूद बोरिवलीत अकराशे वर्षांपूर्वी झाली होती म्हणायची!

हा हिशोब किती काटेकोर असे, ते नाशिकच्या लेण्यांत आणखी स्पष्ट दिसते. क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याने तीन हजार कार्षापण नाणी विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, ठेवली. त्यातल्या दोन हजारांवर दरमहा शेकडा एक व्याज. वर्षाला दोनशे चाळीस झाले. आणि तेवढ्यात लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी, असा बेरजेला बेरीज जुळणारा बंदोबस्त त्याने करून ठेवला. उरलेल्या हजारावर पाऊण टक्का, इतर खर्चासाठी. म्हणजे पावसात शांत बसून चिंतन करायला कोणीतरी भर उन्हाळ्यात माग चालवत होते. हे यंत्र आजही बंद पडलेले नाही. घाटकोपर, मुलुंडच्या जैन उपाश्रयांत साधू-साध्वी आषाढ चतुर्दशीपासून कार्तिक पौर्णिमेपर्यंत चोमासा करतात; त्यांना विनंती करून आणणे, त्यांच्या मुक्कामाची आणि रोजच्या व्याख्यानांची व्यवस्था पाहणे हे संघाचे काम असते. कान्हेरीपासून घाटकोपरपर्यंत धर्म बदलला, भाषा बदलली, पण बसणाऱ्याच्या मागे भरून ठेवणारा उभा असतो हे बदलले नाही.

गावांतल्या घरांची बेगमी याच जातीची, फक्त ती शिलालेखावर न येता फडताळात गेली. चैत्र-वैशाखात कौले परतायची, नाहीतर गवताने घर शाकारायचे. जळाऊ लाकडे आणि गोवऱ्या कोरड्यात रचायच्या. भात, डाळ, मीठ, चिंच, आमसुले भरायची. पापड, कुरडया, सांडगे वाळवायचे. लोणच्याच्या बरण्या बांधायच्या. वेसावे, मढ, मनोरी, गोराईच्या कोळीवाड्यांत बोंबील, जवळा, सुकट, वाकट्या उन्हात सुकून डब्यांत जात, कारण आगोट लागली की होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारल्या जात आणि समुद्र बंद होई. इथे एक आक्षेप येतो: ही सारी चातुर्मासाची देणगी आहे, धर्माने घालून दिलेली चौकट आहे, पावसाशी आणि कोठाराशी तिचा संबंध कशाला जोडता? या आक्षेपाला साष्टीतच उत्तर मिळते. 1534 च्या तहानंतर हे बेट पोर्तुगीजांकडे गेले आणि इथल्या कोळी, कुणबी, भंडारी घरांपैकी अनेक ख्रिस्ती झाली. 1887 पासून स्वतःला ईस्ट इंडियन म्हणवणाऱ्या या समाजाला चातुर्मास नाही, आषाढी नाही. तरी मरोळ, चकाला, आंबोलीच्या गावठाणांत एप्रिल-मे आला की मिरच्या आणि वीसेक मसाल्यांचे जिन्नस वाळत, भाजले जात, लाकडी उखळांत कुटले जात आणि तो बॉटल मसाला गडद रंगाच्या बाटल्यांत ठासून वर्षभरासाठी बंद होई. सोबत सुकी मासळी, तांदूळ, सरपण. देव वेगळा, फडताळ तेच.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. पावसात काम थांबत होतेच ना, मग फुरसत हेच कारण का नाही? पण काम थांबत होते कोणाचे, हे आधी पाहावे. साष्टी हे भाताचे बेट. भाताच्या शेतकऱ्याला सर्वात राबवणारा महिना जुलै. जूनमध्ये पेर, जुलैत चिखलणी आणि लावणी, वाकलेल्या पाठीवर दिवसभर पाऊस. त्याची उसंत लावणी संपल्यावर आणि कापणी लागण्याआधी, म्हणजे साधारण श्रावण-भाद्रपदात; आणि बघावे तर नागपंचमी, गोकुळाष्टमी, गौरी-गणपती, सारे त्याच फटीत बसलेले आहेत. आषाढात काम असताना करमणूक नाही, हे फुरसतवाल्यांच्या बाजूचे झाले. पण मग कोळ्यांचे काय? त्यांचा समुद्र जूनपासून बंद. जाळी दुरुस्त करणे सोडले तर हाताला काम नाही. फुरसत हेच कारण असते तर कोळीवाड्यांचा सर्वात मोठा सण आषाढात यायला हवा होता. तो येतो नारळी पौर्णिमेला, वाट पाहणे संपताना, होड्या पुन्हा पाण्यात लोटण्याच्या तोंडावर. आणि येऊर-बोरिवलीच्या जंगलपट्टीतले वारली पाहिले तर चित्र पूर्ण होते. त्यांच्याकडे कोठार जवळजवळ नव्हतेच. पावसाळा म्हणजे शेवळे, टाकळा, कुर्डू, कंटोळी खुडून दिवस काढायचे. आजही बोरिवली, मुलुंडच्या स्टेशनांबाहेर या रानभाज्यांचे वाटे लागतात आणि आपण त्यांना हौसेने ‘सीझनची भाजी’ म्हणतो. त्यांचे तारपा हे वाद्य भात तयार झाल्यावर घुमते. ईस्ट इंडियनांचा आगेरा हा सुगीचा सण ऑक्टोबरात, नवी लोंबी चर्चमध्ये नेऊन. राज्य सरकारला 1978 पासून आदिवासींसाठी पावसाळ्यापुरती खावटी कर्जाची योजना चालवावी लागली, ती काही त्यांना फुरसत नव्हती म्हणून नाही.

आता मंगळागौर घ्या, पावसाळी करमणुकीचा सर्वात देखणा नमुना. श्रावणातल्या मंगळवारी नवी लग्न झालेली मुलगी पूजा करते आणि रात्रभर जागर होतो: झिम्मा, पिंगा, बसफुगडी, लाट्या, गाठोडे, कोंबडा, सासू-सुनेचे भांडण. दळण-कांडणात अडकलेल्या बायकांना वर्षातून एकदा अंगाला मनसोक्त झोका देण्याची परवानगी, असे त्याचे वर्णन करतात आणि ते खरेही आहे. पण हा खेळ कोणाच्या घरी रंगे? मुख्यतः ब्राह्मण, सोनार, पाठारे प्रभू, कायस्थ अशा घरांत, जिथे दुपारी सुवासिनींचे जेवण आणि रात्री खेळून दमलेल्या वीस-पंचवीस जणींचे फराळ भर श्रावणात काढता येत होते. खेळाला साधन काही लागत नाही, दोन हात पुरतात. लागतो तो डबा आणि दिव्याचे तेल. पोथीचेही तसेच. श्रीधराची ‘हरिविजय’, ‘रामविजय’, ‘पांडवप्रताप’ ही अठराव्या शतकाच्या आरंभीची काव्ये गावोगाव चातुर्मासात वाचली गेली. 1718 च्या ‘शिवलीलामृता’चा अकरावा अध्याय श्रावणी सोमवारी अजून वाचतात. वाचणारा एक, ऐकणारे अनेक, आणि ऐकताना हात वाती वळत, निवडण-टिपण करत. आइसलँडमध्ये हिवाळ्याच्या रात्री घरातला एक जण सागा वाची आणि बाकीचे लोकर विंचरत, सूत काढत. तिथल्या त्या प्रथेला क्वोल्डवाका म्हणत. काश्मिरात डिसेंबरअखेर चाळीस दिवसांचा चिल्लई कलान लागतो, त्याआधी भोपळे, वांगी, टोमॅटो दोऱ्यांत ओवून वाळवलेली असतात. हवामानाचे टोक वेगळे, पण गोष्ट रंगते ती भरल्या घरातच.

इथे माझा मुद्दा थोडा सैल करावा लागतो. उखाणे, कोडी, भुताच्या गोष्टी, लावणीच्या वेळी खाचरात म्हटलेली गाणी यांना कोठार लागत नव्हते, आणि ती सर्वात गरीब घरांतही होती. ती करमणूक नव्हे असे म्हणणे उद्धटपणा होईल. पण ती कामाला चिकटलेली होती. कामासोबत चालायची आणि कामासोबत थांबायची. स्वतःची वेळ, जागा, नियम आणि नाव असलेली करमणूक, जी पुढे संस्था होऊ शकते, ती बेगमीवरच उभी राहिली.

संस्थांचा काळ उपनगरात आला तो रेल्वेने. 1853 मध्ये बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली, 1864 पर्यंत पश्चिमेकडची लाइन अंधेरी-बोरिवली मागे टाकून उत्तरेला गेली, 1928 मध्ये कुलाबा ते बोरिवली विजेवर गाड्या सुरू झाल्या. 1896 च्या प्लेगनंतर शहराबाहेर सरकू लागलेला मध्यमवर्ग इथे स्थिरावला. या कारकुनाला पावसाळ्याची फुरसत नव्हती. गाडी चालू तर कचेरी चालू. त्याच्याकडे बेगमीही पूर्वीसारखी राहिली नाही. मे 1943 मध्ये मुंबईत रेशनिंग आले आणि धान्य वर्षाचे न भरता कार्डावर येऊ लागले. मग पावसाळी करमणूक संपायला हवी होती. ती संपली नाही. कोठार घराबाहेर गेले. अंधेरीशेजारच्या पार्ल्यात 1923 मध्ये लोकमान्य सेवा संघ स्थापन झाला आणि त्याचे ग्रंथालय हे चार भिंतींतल्या पोथीचे सार्वजनिक रूप ठरले: दरमहा वर्गणी भरायची, म्हणजे पावसात वाचायला पुस्तक हजर. कोकणातून आलेल्या कामगारांची भजनी मंडळे, जाखडी नाचाच्या तालमी, चाळीच्या व्हरांड्यातला कॅरम आणि त्यावर दमट हवेमुळे जरा सढळ हाताने उधळलेली बोरिक पावडर, हे सारे वर्गणीवर चालले. घाटकोपर-मुलुंडच्या गुजराती घरांत सातम-आठमला, म्हणजे गोकुळाष्टमीच्या सुमारास, पत्त्यांचा जुगार बसे. 1887 चा जुगारबंदी कायदा अजून लागू आहे आणि सातम-आठमही.

कोणी विचारेल, सगळी पावसाळी मजा छपराखालचीच धरता, पण मुंबईकर पावसात बाहेरही पडतोच की. पडतो. 1948 पासून खेळली जाणारी कांगा लीग ही मुद्दाम पावसाळ्यात, ओल्या खेळपट्टीवर खेळायची क्रिकेट स्पर्धा. अशी दुसरी कुठे असेल तर मला विशेष वाटेल. 1860 चा विहार आणि 1879 चा तुळशी हे तलाव भरून वाहू लागले की बातमी होते आणि लोक भिजायला निघतात. पण क्लब, गणवेष, मैदानाचे भाडे, किंवा सुटीच्या दिवशी पगार चालू असलेली नोकरी यांच्याशिवाय भिजण्याची हौस कोणाला परवडते? लावणी करणारा दिवसभर भिजतच होता, त्याला कोणी वर्षासहल म्हटले नाही.

आज मंगळागौर सभागृहात होते. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये झिम्म्याला जागा नाही, म्हणून सोसायट्या आणि महिला मंडळे हॉल घेतात आणि नऊवारीतले मानधनावरचे गट येऊन खेळ करून दाखवतात. याने परंपरा बाटली अशी हळहळ व्यक्त होते. मला ती अस्थानी वाटते. खर्च पूर्वीही होता, तो आजेसासूच्या डब्यांतून आणि सुनांच्या कष्टातून निघे, म्हणून कोणाच्या हिशोबात येत नसे. आता त्याची पावती मिळते, इतकाच फरक. उलट या इतिहासाचा खरा पुरावा याच पावत्यांत आहे. वाण्याच्या खात्याच्या वह्या, वाचनालयांची देवघेव रजिस्टरे, भजनी मंडळांचे वर्गणीचे जमाखर्च, जुनी रेशनकार्डे, बॉटल मसाल्याच्या घरगुती याद्या यांतूनच कोणत्या घराने पावसाळा कसा काढला हे कळते. पुनर्विकासाला इमारत जाताना माळ्यावरून सर्वात आधी हेच रद्दीत जाते. तुमच्या सोसायटीत किंवा गावठाणात असे काही निघाले, तर ते जवळच्या ग्रंथालयाकडे द्या. निदान त्याचे फोटो तरी काढून ठेवा.