उलट जोडलेली तार

केबिन रोडवरच्या आमच्या घरात दोन लाकडी पेट्या आहेत. १९९६ साली वडिलांनी त्या ओळखीच्या सुताराकडून प्लायवूडच्या करून घेतल्या. स्पीकर लॅमिंग्टन रोडवरून आणले आणि तारा स्वतः जोडल्या. पेट्या वाजू लागल्या त्या अगदी किरट्या! तबल्यातला डग्गा जणू वादकाने घरीच ठेवला होता. दोष अर्थातच सुतारावर आला. लाकूड ओले, सांधे पोकळ! त्याची उरलेली दीडशे रुपये मजुरी वडिलांनी अखेरपर्यंत दिली नाही.

मी मराठीचा मास्तर. विजेशी माझा परिचय मॅट्रिकपुरता. तरी ह्या यंत्राची कुळकथा मोठी गमतीची आहे. लोहचुंबकाच्या क्षेत्रात हलणाऱ्या वेटोळ्याचे अमेरिकी पेटंट सीमेन्सने १८७४ साली घेतले. म्हणजे बेलच्या टेलिफोनच्याही दोन वर्षे आधी. त्या वेटोळ्याला कागदी शंकू जोडून आजच्या स्पीकरचा नमुना सिद्ध केला तो राइस आणि केलॉग ह्या अमेरिकी अभियंत्यांनी, १९२५ मध्ये. २३ जुलै १९२७ रोजी मुंबई केंद्र सुरू झाले आणि पुढे रेडिओ घरोघर आला. पण त्यात बहुधा स्पीकर एकच. एकट्याच्या तारा उलटसुलट झाल्या तरी कानाला पत्ता लागत नाही.

पंचाईत होते ती दुसरा आल्यावर. ब्लुमलाइन ह्या इंग्रज अभियंत्याने दोन वाटांनी ध्वनी नेण्याच्या पेटंटासाठी १९३१ साली अर्ज केला. १९५८ च्या सुमारास तशा तबकड्या बाजारात आल्या, आणि धन-ऋण खुणांचा प्रश्न बैठकीच्या खोलीत शिरला. एकाच्या तारा फिरल्या की एक शंकू हवा पुढे लोटतो, त्याच क्षणी दुसरा ती मागे ओढतो. सेकंदाला ५० कंपनांच्या सुराची लाट सुमारे ७ मीटर लांब. हाताच्या अंतरावरच्या दोन पेट्या तिला परस्परच खाऊन टाकतात. उंच सुरांच्या लाटा आखूड, म्हणून ते वाचतात. पण गाणारा नेमका कोठे बसला आहे, हे कळेनासे होते. खुणांवर भिस्त ठेवावी, तर जेबीएलसारख्या नामांकित कंपनीच्या जुन्या स्पीकरांत लाल टोकाला धन जोडले की शंकू आत जात असे. इतरांचा बाहेर येई! असो.

गेल्या दिवाळीच्या साफसफाईत मी दोन्ही पेट्या उघडल्या. दीड व्होल्टचा सेल घेतला आणि प्रत्येक पेटीच्या तारांना क्षणभर टेकवला; लाल तारेला धन, काळीला ऋण. डावीकडचा शंकू बाहेर आला. उजवीकडचा आत गेला. आत डाक वडिलांच्याच हातचा होता; लाल तार ऋण टोकावर. ती बदलली, पेट्या बंद केल्या आणि जुनी कॅसेट लावली. आई स्वयंपाकघरातून बाहेर येऊन उभी राहिली. डग्गा घुमत होता.

"लाकूड बरे होते म्हणायचे," ती म्हणाली.

दीडशे रुपये मी पाकिटात घालून ठेवले आहेत. सुताराच्या दुकानाच्या जागी आता मोबाइलचे दुकान आहे. तिथल्या मुलाला तो कोठे गेला, ते ठाऊक नाही.