ना वंशाची, ना वतनाची

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर पहिल्यांदा गादी उभी राहते. सातारची गादी, कोल्हापूरची गादी, नागपूरकर भोसल्यांची गादी! तिच्यावर कोण बसला, दत्तक कोणाला घेतले, कोणाचा हक्क कोणी डावलला, यांतच शाळेतल्या पुस्तकाची निम्मी पाने खर्ची पडलेली असतात. पण गादीचा प्रश्न काय फक्त राजवाड्यातच असतो? देवळात गुरव असतो, मठात स्वामी असतो, मशिदीत इमाम असतो. एक गेला की दुसरा कोण, हा प्रश्न तिथेही सुटत नाही. आणि तो ज्या रीतीने सोडवला जातो, तीवरून त्या समाजाची खरी ओळख पटते.

मी भिवंडीचा, म्हणजे मागांच्या गावचा. आमच्याकडे मागावरचा ताणा संपत आला, की जुन्या ताण्याच्या टोकांना नव्या ताण्याचे धागे एकेक करून गाठीने जोडतात. शेकडो गाठी! कापड विणले गेले की त्या गाठी कोणाच्या लक्षातही येत नाहीत. पण तिथे एक धागा चुकला, तर पुढचे सगळे कापड ती चूक घेऊन बाहेर पडते. माणसांच्या संस्थांतही अशाच गाठी असतात. अशीच एक गाठ आज दिवाळीच्या फराळाबरोबर वाचकांपुढे ठेवावी, असा बेत आहे. ही गाठ आहे मराठी मुलखातल्या लहानशा प्रेस्बिटेरियन मंडळ्यांच्या पाळकांची. मी स्वतः ख्रिस्ती नाही. पण ही कहाणी मराठी माणसांची आहे, आणि तेवढे नाते मला पुरते.

आधी या लांबलचक नावाचा उलगडा करू. ‘प्रेस्बिटर’ हा मूळ ग्रीक शब्द. त्याचा अर्थ वडील माणूस. ज्या चर्चचा कारभार बिशप नव्हे, तर निवडलेले वडील पाहतात ते प्रेस्बिटेरियन चर्च. स्कॉटलंडात १५६० सालच्या धर्मसुधारणेनंतर ही पद्धत रुजली. पाळकाची जागा रिकामी झाली की मंडळीने नवा पाळक निवडायचा, त्याला रीतसर पाचारण करायचे, आणि आसपासच्या पाळकांच्या व वडिलांच्या सभेने, म्हणजे प्रेस्बिटेरीने, त्याची परीक्षा घेऊन व डोक्यावर हात ठेवून त्याला दीक्षा द्यायची. पाळकाचा मुलगा पाळक होईलच असे नाही आणि झाला तर तो मुलगा म्हणून नव्हे. थोडक्यात, ही गादी ना वंशाची, ना वतनाची. आपल्या पंचायतीची आठवण व्हावी असा हा कारभार. फरक इतकाच, की इथे जात विचारायची नाही.

हे स्कॉटिश लोक आपल्याकडे आले ते कोकणाच्या वाटेने. १८२३ मध्ये बाणकोटला त्यांनी पहिले ठाणे मांडले. १८२९ च्या फेब्रुवारीत जॉन विल्सन मुंबईस उतरले. तेही मराठी शिकायला आधी हर्णैस जाऊन राहिले. ज्यांच्या नावाचे कॉलेज आजही गिरगाव चौपाटीसमोर उभे आहे, तेच हे विल्सन. १८३१ च्या फेब्रुवारीत त्यांनी मुंबईत प्रेस्बिटेरियन धर्तीवर देशी मंडळी स्थापन केली. सभासद किती? आठ! आपल्याकडे सत्यनारायणाच्या पूजेलाही याहून जास्त माणसे जमतात. याच मंडळीची परंपरा पुढे गिरगावातल्या आंब्रोलीशी जोडली गेली.

आठ माणसांची मंडळी म्हणजे घरच. पाळक साहेब, पैसा साहेबांच्या देशाचा, आणि सभासद म्हणजे घरादाराला पारखी झालेली माणसे. या घराला वारस कुठून मिळायचा?

वारस मिळाले, पण प्रत्येक वेळी कोणाचे तरी घर मोडून. १ मे १८३९ रोजी धनजीभाई नौरोजी या पारशी तरुणाने विल्सनसाहेबांकडून बाप्तिस्मा घेतला. पारशी समाज खवळून उठला. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेले. कोर्टाने सांगितले, मुलगा जाणता आहे, त्याला हवे तिथे जाऊ द्या. धनजीभाई मिशनच्या घरी परतले. पण विल्सनसाहेबांच्या शाळेतले पारशी विद्यार्थी निघून गेले आणि शाळा ओस पडली.

पुढे १८४३ साल उजाडले. या एका वर्षात दोन गोष्टी घडल्या आणि त्या शेजारी ठेवून पाहिल्या की मन थबकते.

पहिली गोष्ट स्कॉटलंडातली. १७१२ च्या एका कायद्याने तिथल्या जमीनदारांना आपापल्या गावचा पाळक नेमण्याचा हक्क मिळाला होता. मंडळीला माणूस नको असला तरी जमीनदार तो तिच्या माथी मारी. या हक्कावरून वर्षानुवर्षे भांडण धुमसत होते. अखेर १८ मे १८४३ रोजी एडिंबरोतल्या सभेत फूट पडली आणि सुमारे साडेचारशे पाळक जुन्या चर्चमधून बाहेर पडले. राहती घरे सोडली, बांधलेले पगार सोडले, आणि ‘फ्री चर्च’ उभे केले. कशासाठी? तर आमचा पाळक आम्ही निवडणार, एवढ्यासाठी! मुंबईत बातमी आली तेव्हा इथले मिशनरीही या बाहेर पडलेल्यांच्या बाजूने उभे राहिले. शाळेची इमारत, ग्रंथ, उपकरणे सगळे जुन्या चर्चच्या हवाली करून त्यांनी भाड्याच्या जागेत नव्याने बस्तान मांडले.

दुसरी गोष्ट मुंबईतलीच. त्याच वर्षी, १३ सप्टेंबर रोजी, नारायण शेषाद्री परळीकर या ब्राह्मण तरुणास रॉबर्ट नेस्बिट यांनी बाप्तिस्मा दिला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपाद, वय सुमारे बारा, तोही भावामागून मिशनच्या घरी राहिला होता. पित्याने कोर्टाचे दार ठोठावले आणि या खेपेस कोर्टाने मूल अजाण आहे असे ठरवून ते बापाच्या ताब्यात दिले. पण घरी परतलेल्या श्रीपादाला जातीत घ्यायचे की नाही, यावर मुंबईत रणे माजली. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर त्याच्या शुद्धीच्या बाजूने ठाम उभे राहिले, सनातन्यांनी त्यांच्यावर टीकेची झोड उठवली. एका घरातले दोन भाऊ. एक परत फिरला, तर त्याचा उंबरठा अडवला गेला. दुसरा पुढे गेला, तर त्याला उंबरठाच उरला नाही. हाच दुसरा भाऊ पुढे पाळक झाला.

धनजीभाई विल्सनसाहेबांबरोबर स्कॉटलंडास गेले. तिथे शिकून १८४६ मध्ये त्यांनी फ्री चर्चची पाळकदीक्षा घेतली आणि पुढच्याच वर्षी ते परतले. नारायण शेषाद्रींनाही यथाकाल दीक्षा मिळाली. आता प्रेस्बिटेरीच्या बैठकीत साहेब पाळक आणि देशी पाळक एका रांगेत बसू लागले. नियमाप्रमाणे दोघांचे मत सारखे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर, सरकारी कचेरीत साहेबापुढे काळा माणूस पायताण काढून उभा राहत असताना, ही गोष्ट लहान नव्हती.

मात्र इथेच खरी मेख होती. ज्यांनी मायदेशी पाळक निवडण्याच्या हक्कासाठी घरेदारे सोडली, तेच इकडे पाळकाचा पगार एडिंबरोहून आलेल्या पैशातून देत होते. ज्याच्या हाती पगार, त्याच्या हाती नेमणूक, हा जगाचा न्याय. देशी मंडळी गरीब. जातीतून तुटल्यामुळे तिच्या माणसांचा धंदा आणि वतन दोन्ही गेलेले. वर्गणी जमवून पाळक पोसण्याची ताकद तिच्यात कुठून यावी? आणि ती येत नाही तोवर निवडीचा हक्क कागदावरच राहणार! जमीनदाराच्या जागी मिशन आले, एवढाच काय तो फरक. मिशनच्या माणसांची दानत चांगली होती, हे मान्य. पण चांगला पालक असला म्हणून मूल सज्ञान होत नाही.

ही मेख नगरकरांनाही ठाऊक होती. तिथले अमेरिकन मिशन प्रेस्बिटेरियनांचे शेजारी. १८५४ साली तिथे हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांना पाळकदीक्षा मिळाली. त्याच सुमारास अमेरिकन बोर्डाचे चिटणीस रुफस अँडरसन हिंदुस्थानच्या दौऱ्यावर होते. त्यांचे म्हणणे सरळ होते: मंडळीने आपला कारभार आपण करावा, आपला खर्च आपण चालवावा, आपला प्रसार आपण करावा. मिशनरी म्हणजे इमारतीची परांची. काम झाले की ती काढायची. बोलायला सोपे! परांचीवरच्या माणसाला खाली उतरवणे हे जगातले सर्वांत कठीण काम, मग ती परांची धर्माची असो की राज्याची.

पुण्याच्या मंडळीत हे उतरणे मृत्यूने घडवले. तिथले जुने मिशनरी जेम्स मिचेल १८६६ मध्ये वारले. पुढच्या वर्षी, १८६७ मध्ये, फ्री चर्चच्या देशी मंडळीचे पाळक झाले ते बाबा पदमनजी. होय, तेच! मराठीतल्या पहिल्या कादंबरीचा मान जिला दिला जातो, त्या १८५७ च्या ‘यमुनापर्यटन’चे कर्ते. जन्म बेळगावचा, १८३१ चा, घराणे कासारांचे, शिक्षण आधी बेळगावात आणि मग मुंबईत फ्री चर्चच्या शाळेत, बाप्तिस्मा ३ सप्टेंबर १८५४ रोजी बेळगावी.

आता पुण्यातली मंडळी डोळ्यांपुढे आणा. पेशवाई जाऊन पन्नासच वर्षे झालेली. त्या शहरात एक कासाराचा मुलगा व्यासपीठावर उभा राहतो आणि त्याचे प्रवचन ऐकायला नाना जातींची माणसे एका बाकावर बसतात. वारसाहक्क म्हणून यातले काहीच त्याच्याकडे आले नव्हते. सहा वर्षे त्यांनी हे काम केले. १८७३ मध्ये पाळकपद सोडले आणि पुढचे आयुष्य लेखनाला व संपादनाला वाहिले. आपल्याकडे गादी सुटते ती मेल्यावर किंवा हाकलल्यावर. जिवंतपणी, आपण होऊन, दुसऱ्या कामासाठी उठून जाणे ही रीत मला फार मोलाची वाटते. बाबा १९०६ मध्ये निवर्तले. त्यांचे आत्मचरित्र ‘अरुणोदय’ मराठी गद्याच्या अभ्यासकाला आजही टाळता येत नाही.

नारायण शेषाद्रींनी तिसरीच वाट धरली. मुंबई सोडून ते निजामाच्या मुलखात, जालन्यास गेले. सालारजंगांच्या दरबारातून जमीन मिळवून तिथे त्यांनी ‘बेथेल’ नावाचे गाव वसवले. धर्मांतरामुळे उखडलेल्यांना शेत, घर आणि धंदा मिळावा, हा हेतू. वर्गणी देणारी मंडळी हवी तर आधी तिच्या चुलीवर भाकरी हवी, हे त्यांनी ओळखले होते. १८७३ मध्ये न्यूयॉर्कच्या ख्रिस्ती परिषदेत हा मराठी पाळक डोक्याला पागोटे बांधून उभा राहिला. १८९१ मध्ये परदेशच्या प्रवासात असताना, बोटीवरच, त्यांना मृत्यू आला. धनजीभाई सर्वांत दीर्घायुषी. ते १९०८ पर्यंत होते.

पुढची हकीकत थोडक्यात सांगतो. १९०४ मध्ये हिंदुस्थानातल्या निरनिराळ्या प्रेस्बिटेरियन मंडळ्यांनी एकत्र येऊन स्वतःचे चर्च उभारले. १९२४ मध्ये नगरकरांसारखे शेजारी त्यांत मिसळले आणि ‘युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया’ झाले. अखेर २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्चांचे मिळून ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ झाले. नागपूर म्हणजे स्टीफन हिस्लॉप यांचे गाव. तेही फ्री चर्चचेच; १८६३ मध्ये ते नदीत बुडून गेले. त्यांचेही नाव कॉलेजच्या रूपाने राहिले.

या एकीत एक गंमत आहे. ज्यांच्या पूर्वजांनी बिशप नको म्हणून शतकभर झगडा मांडला होता, त्यांच्या वारसांनी १९७० मध्ये बिशप स्वीकारला. आता पाळक बहुधा बिशपांच्या नेमणुकीने येतो आणि बदलीने जातो. एका अर्थी हे चाक उलटे फिरले. पण बिशप आपल्यातला, पाळक आपल्यातला आणि दानपेटीतला पैसाही आपल्या हातचा. एडिंबरोच्या टपालाची वाट पाहणारी मंडळी आता उरली नाही.

तर मग हक्क मोठा की स्वावलंबन मोठे? माझ्या अल्पबुद्धीला वाटते, एकाशिवाय दुसरे पांगळे. नेता निवडण्याचा हक्क आपण सगळेच मागतो. गावच्या वाचनालयाचा अध्यक्ष असो की देशाचा. पण त्याच वाचनालयाची वर्गणी थकली की आपण पहिल्यांदा दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहतो. आठ माणसांच्या त्या मंडळीने दीडशे वर्षांत हा धडा गिरवला. तिने गादीला पैसा जोडला, पैशाला घाम जोडला, आणि मगच ती गादी तिची झाली.

दिवाळीत पणतीवर पणती लावताना आपण पहिल्या पणतीची ज्योत दुसरीला देतो. दुसरी पेटते ती मात्र तिच्या स्वतःच्या तेलावर. हे ज्या संस्थेला कळले, तिच्या वारसांची चिंता करण्याचे कारण नाही.