रमाबाई नगर, विलास घोगरे आणि १४ वर्षं चालू राहिलेला कॅमेरा

आपल्या कोपरीतून जो महामार्ग मुंबईकडे जातो, त्याच रस्त्याच्या कडेला घाटकोपरचं रमाबाई नगर आहे. ११ जुलै १९९७ ला तिथल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्याची विटंबना झाल्याचं सकाळी लोकांना दिसलं. लोक रस्त्यावर उतरले आणि राज्य राखीव पोलिसांनी गोळीबार केला. १० जण गेले. मी तेव्हा बारावीत होतो. दुसऱ्या दिवशी पेपरात आकडा वाचला आणि क्लासला गेलो, खरं सांगतो.

चार-पाच दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी आपल्या झोपडीत गळफास घेतला. आयुष्यभर डाव्या चळवळीत गायलेला माणूस, जाताना डोक्याला निळा पट्टा बांधून गेला. पेपरात ही बातमी आली असेल तरी मला आठवत नाही. ती गोष्ट मला कळली एका माहितीपटामुळे.

आनंद पटवर्धन विलासना आधीपासून ओळखत होते. १९८५ च्या ‘हमारा शहर’मध्ये त्यांनी विलासना गाताना टिपलं होतं. तो चित्रपट मुंबईतल्या फुटपाथवर आणि झोपड्यांत राहणाऱ्यांचा. तो काळ लक्षात घ्या. १९८१ ला अंतुले सरकारने फुटपाथवाल्यांना उठवून गावी पाठवायचा बेत केला, प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि १९८५ मध्ये ओल्गा टेलिस खटल्याचा निकाल आला. उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं कोर्ट म्हणालं. आणि तरीही, रीतसर नोटीस देऊन झोपड्या हटवायला मोकळीक राहिलीच.

त्या चित्रपटात एक बाई कॅमेरेवाल्यालाच झापते. आमचे फोटो काढून तुम्ही नाव कमावणार, आम्हाला काय मिळणार, असा तिचा सूर. पटवर्धनांनी तो भाग कापला नाही. आम्ही पत्रकार असतो तर पहिला तोच उडवला असता.

विलास गेल्यावर पटवर्धनांनी पुन्हा कॅमेरा उचलला, आणि ‘जय भीम कॉम्रेड’ पूर्ण व्हायला २०११ उजाडलं. मधल्या १४ वर्षांत गोळीबाराची चौकशी झाली, गोळीबार गरजेचा नव्हता असा निष्कर्ष निघाला, २००९ ला संबंधित फौजदाराला शिक्षा झाली, मग तो जामिनावर सुटला. जमाव गॅसचा टँकर पेटवणार होता, हे पोलिसांचं म्हणणं चित्रपट बारकाईने तपासून पाहतो. हे काम खरं तर आमचं होतं. पण आमची बातमी चोवीस तासांत शिळी होते, आणि टँकर कुठे उभा होता हे मोजायला दुसऱ्या दिवशी कोण जातो?

जवळजवळ तीन तासांचा हा चित्रपट मल्टिप्लेक्समध्ये नाही, भायखळ्याच्या बीआयटी चाळीत आधी दाखवला गेला. ज्यांची गोष्ट, त्यांच्यासमोर. दूरदर्शनचा अनुभव वेगळा होता. ‘पिता, पुत्र और धर्मयुद्ध’ दाखवायला लावण्यासाठी पटवर्धनांना सुप्रीम कोर्टापर्यंत जावं लागलं, तो निकाल २००६ चा.

काही जण म्हणतात हे सगळं एकांगी असतं. असेलही. पटवर्धन कुणाच्या बाजूने उभे आहेत हे ते लपवत नाहीत. मला एवढंच वाटतं की बाजू सांगून उभा राहणारा माणूस तटस्थतेचा आव आणणाऱ्यापेक्षा तपासायला सोपा.

आता माझं. काही वर्षांपूर्वी रेल्वेलाईनजवळच्या एका पाडकामाला मी गेलो होतो. एक आजी भांडी गोळा करत होत्या. मी मोबाईल पुढे केला तर म्हणाल्या, “बाळा, पेपरात आलं की घर परत उभं राहतं का रे?” मी ते वाक्य बातमीत घातलं नाही. दोन कॉलममध्ये बसत नव्हतं, असं तेव्हा स्वतःला सांगितलं.

फाळणीनंतर सिंधमधून आलेली माणसं आपल्या कोपरी कॉलनीत राहिली. आमच्या ओळखीतले एक काका छावणीतल्या दिवसांबद्दल बोलायला तयार होते. मी दोनदा पुढच्या आठवड्यावर ढकललं. गेल्या पावसाळ्यात ते वारले.

येत्या रविवारपासून मोबाईल आणि एक साधा माईक घेऊन घरोघरी जायचं ठरवलंय. पैसे नाहीत, घाई नाही. तुमच्या घरात किंवा शेजारी ते दिवस पाहिलेलं कुणी असेल तर इनबॉक्समध्ये कळवा. आणि रेकॉर्डिंग झालं की आधी त्यांच्याच घरी दाखवणार.