पौंडास पौंड : न झालेल्या लढतींचा इतिहास

'शेरास सव्वाशेर' हा आपल्या भाषेतला वाक्प्रचार वजनाच्या मापातून आलेला आहे. समोरचा शेरभर असेल तर त्याला पाव शेराने भारी असणारा कुठेतरी असतोच, असे तो सांगतो. मुष्टियुद्धाच्या इंग्रजी भाषिक शौकिनांमध्ये रूढ असलेला 'पौंडास पौंड' हा शब्दप्रयोगही तराजूतूनच आला, पण त्याची दिशा नेमकी उलट आहे. सगळ्यांची वजने सारखी आहेत असे धरून चालू, मग सांगा, श्रेष्ठ कोण? ही अट प्रत्यक्षात कधीच पुरी होत नाही. तरीही त्या अटीवर दोन शतके वाद चालला आहे. तो निव्वळ रिकामटेकड्यांचा उद्योग आहे, असे आम्हाला वाटत नाही. ह्या वादाने एक वेगळे काम केले आहे. ज्यांना न्याय मिळाला नाही अशांची दाद तो पुन्हा पुन्हा लावून धरतो.

आरंभी वजनी गट नव्हतेच. जॅक ब्राउटन याने 1743 मध्ये लंडनला जे नियम केले त्यांत पडलेल्या माणसाला मारू नये इथपर्यंतचा विचार आहे, पण तराजूचा उल्लेख नाही. त्यामुळे सुमारे 160 पौंड वजनाचा डॅनियल मेंडोझा आपल्याहून धिप्पाड माणसांना हरवून इंग्लंडचा विजेता होऊ शकला आणि 1795 मध्ये जॉन जॅक्सन या अंगाने भारी प्रतिस्पर्ध्याकडून हरूही शकला. जॅक्सनने त्या लढतीत मेंडोझाचे लांब केस मुठीत धरून त्याला ठोसे लगावले, आणि हे नियमांत बसत होते का, हा वाद लढतीपेक्षा दीर्घायुषी ठरला. साहित्याच्या अभ्यासकांना हे जग विल्यम हॅझलिटच्या 1822 च्या निबंधातून ठाऊक असते. नीट आणि हिकमन यांची लढत हा त्याचा विषय. पण त्या निबंधाचा मोठा भाग लढतीने नव्हे, लढतीकडे जाणाऱ्यांच्या बोलण्याने व्यापलेला आहे. घोडागाडीत योद्ध्यांना तयार कसे करावे, त्यांनी काय खावे, किती चालावे, याचीच चर्चा चालते. म्हणजे योद्धा, त्याचा प्रशिक्षक आणि त्यांच्याविषयी तावातावाने बोलणारा रसिक हे तिघेही तेव्हाच रंगभूमीवर आलेले होते.

वजनी गटांची घडी नीट बसली ती पुढे. लंडनच्या नॅशनल स्पोर्टिंग क्लबने 1909 मध्ये आठ गट ठरवले. 112 पौंडांच्या फ्लायवेटपासून 175 पौंडांच्या लाइट हेवीवेटपर्यंत सात, आणि वर अमर्याद हेवीवेट. हेतू न्यायाचा होता. लहान चणीच्या माणसाने केवळ वजनापायी मार खाऊ नये. पण ज्या क्षणी भिंती उभ्या राहिल्या त्याच क्षणी भिंतींपलीकडची तुलना अशक्य झाली, आणि जे अशक्य झाले तेच रसिकांना हवेसे वाटू लागले. 'पौंडास पौंड' ही भाषा ह्या भिंतींचे अपत्य आहे.

भिंती ओलांडण्याचे काही खरे प्रयत्नही झाले. हेन्री आर्मस्ट्राँगने ऑक्टोबर 1937 ते ऑगस्ट 1938 ह्या दहा महिन्यांत फेदरवेट, वेल्टरवेट आणि लाइटवेट ही तीन विजेतेपदे जिंकली आणि तिन्ही एकाच वेळी धारण केली. तेव्हा गट आठच होते. आज सतरा वा अधिक गट आणि प्रत्येकात चार प्रमुख संघटनांचे निरनिराळे विजेते असताना अनेक गटांतल्या पट्ट्यांची बेरीज करणाऱ्यांना जुने रसिक आर्मस्ट्राँगचे नाव ऐकवतात ते यासाठी. 'पौंडास पौंड' हे बिरुद ज्याच्या नावाला कायमचे चिकटले तो शुगर रे रॉबिन्सन 25 जून 1952 रोजी यांकी स्टेडियममध्ये लाइट हेवीवेट विजेत्या जोई मॅक्सिमसमोर उभा राहिला. त्या रात्रीच्या असह्य उष्म्याने दहाव्या फेरीनंतर पंच रूबी गोल्डस्टीन यालाच बदलावे लागले. रॉबिन्सन गुणांवर पुढे होता, पण चौदाव्या फेरीसाठी तो उठू शकला नाही. त्याला मॅक्सिमने हरवले, वजनाने हरवले की उन्हाळ्याने, हा प्रश्न आजही मिटलेला नाही.

परंतु ह्या वादाचा खरा कस सॅम लँगफर्डच्या नावाशी लागतो. कॅनडाच्या नोव्हा स्कोशियात जन्मलेला, साडेपाच फुटांहून किंचित उंच असा हा कृष्णवर्णीय योद्धा. लाइटवेट विजेता जो गान्स याला त्याने 1903 मध्ये बॉस्टनला हरवले, पण त्याचे वजन मर्यादेहून अधिक असल्याने विजेतेपद पणाला लागलेले नव्हते. पुढच्या वर्षी वेल्टरवेटमधला मातब्बर जो वॉलकॉट याच्याशी त्याने बरोबरी साधली. 1906 मध्ये सुमारे 30 पौंडांनी जड असलेल्या जॅक जॉन्सनशी तो पंधरा फेऱ्या लढला आणि हरला. 1910 मध्ये मिडलवेट विजेता स्टॅन्ली केचेल याच्याशी सहा फेऱ्यांची लढत झाली, तीही विजेतेपदाविना. असा हा माणूस सर्व गटांच्या उंबरठ्यांवर उभा राहिला, पण कोणत्याही गटाच्या जागतिक विजेतेपदाने त्याला आत घेतले नाही.

कारण वजनाच्या भिंतींहून उंच भिंत वर्णाची होती. आणि ती एकट्या गोऱ्यांनी राखली असे म्हणून आपली सुटका होत नाही. जॉन्सन डिसेंबर 1908 मध्ये हेवीवेटचा पहिला कृष्णवर्णीय विजेता झाला. त्यानंतर त्याने लँगफर्डला पुन्हा संधी दिली नाही. दोन कृष्णवर्णीयांच्या लढतीला गल्ला जमत नाही, हा त्या बाजाराचा हिशेब होता. लँगफर्डची धास्ती होती असेही अनेक जण मानतात. 1915 मध्ये जॉन्सन हरला आणि मग 1937 पर्यंत, म्हणजे 22 वर्षे, एकाही कृष्णवर्णीयाला त्या विजेतेपदासाठी लढता आले नाही. लँगफर्ड आणि हॅरी विल्स यांना एकमेकांशीच डझनाहून अधिक वेळा लढावे लागले. दार बंद असलेल्या घराच्या ओसरीवर दोन पाहुण्यांनी आपसातच कुस्ती खेळत राहावे, तसे ते दृश्य होते. लँगफर्डची दृष्टी हळूहळू गेली. 1944 मध्ये अल लेनी या वार्ताहराला तो न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये, आंधळा आणि निर्धन अवस्थेत सापडला. लेनीच्या लेखामुळे त्याच्यासाठी निधी उभा राहिला. 1956 मध्ये तो वारला.

लँगफर्ड कोण होता हे नोंदवहीतून कळत नाही. विजेत्यांच्या यादीत त्याचे नावच नाही. ते टिकले बोलण्यात. 'रिंग' मासिकाचा संस्थापक नॅट फ्लाइशर याने आपल्या सर्वकालीन हेवीवेट यादीत जॉन्सनला पहिला क्रमांक देऊन लँगफर्डलाही पहिल्या दहांत बसवले, ते ह्या बोलण्यालाच दिलेले लेखी रूप होते. साहित्याच्या इतिहासातही असेच होते. पारितोषिकांच्या यादीत नसलेला लेखक वाचकांच्या आग्रहाने जिवंत राहतो.

प्रशिक्षकांविषयीच्या वादाकडेही आम्ही ह्याच नजरेने पाहतो. विजय योद्ध्याचा की त्याच्या कोपऱ्यात बसणाऱ्याचा, हा प्रश्न वरवर श्रेयाचा वाटतो. पण प्रशिक्षकांची परंपरा तपासली की हुकलेल्या संधींचा वारसा दिसू लागतो. लँगफर्डशी अनेकदा लढलेला जॅक ब्लॅकबर्न हा लाइटवेट योद्धा. त्यालाही विजेतेपद मिळाले नाही. पुढे त्याने जो लुईला घडवले आणि 1937 मध्ये लुई हेवीवेट विजेता झाला. डेट्रॉइटच्या ब्रुस्टर केंद्रात लुईबरोबर सराव करणारा आणखी एक लाइटवेट तरुण होता, एडी फच. 1 ऑक्टोबर 1975 रोजी मनिला येथे, चौदाव्या फेरीनंतर, जो फ्रेझर डोळे सुजून जवळजवळ आंधळा झालेला असताना, त्याच फचने लढत थांबवली. समोर मुहम्मद अली होता आणि एकच फेरी उरली होती. फचने चूक केली असे म्हणणारे अजूनही भेटतात. लँगफर्डची गोष्ट ठाऊक असलेल्याने मात्र तसे म्हणू नये.

रसिकांचा वाद यंत्राकडे सोपवण्याचा प्रयोगही झाला. 1967 मध्ये मरी वोरोनर या रेडिओ निर्मात्याने संगणकाकरवी सोळा हेवीवेट विजेत्यांची काल्पनिक स्पर्धा लावली. तीत अली जिम जेफ्रीझकडून हरला. विजेता असताना कृष्णवर्णीयांशी विजेतेपदासाठी न लढणारा तो हाच जेफ्रीझ, आणि 1910 मध्ये निवृत्तीतून परत आल्यावर जॉन्सनकडून हरलेलाही हाच. त्याच वर्षी सैन्यभरतीला नकार दिल्याबद्दल अलीचे विजेतेपद काढून घेतले गेले होते. त्याने वोरोनरवर दहा लाख डॉलरचा दावा लावला. तडजोडीतून अली आणि रॉकी मार्सियानो यांची एक लढत चित्रित झाली. ती जानेवारी 1970 मध्ये दाखवली गेली तेव्हा मार्सियानो विमान अपघातात मरण पावला होता. अमेरिकेत मार्सियानो जिंकला, युरोपातल्या आवृत्तीत अली. यंत्राचा निकालही प्रेक्षक पाहून बदलू शकतो, हे त्यातून कळले.

नोंदीही निरागस नसतात. 1977 मध्ये एबीसी वाहिनीने दाखवलेली एक राष्ट्रीय स्पर्धा 'रिंग'मध्ये छापलेल्या खोट्या विक्रमांमुळे मध्येच बंद पडली. तो बनाव उघड करण्यात वाहिनीतल्या अ‍ॅलेक्स वॉलॉव याच्याबरोबर वाटा होता तो माल्कम 'फ्लॅश' गॉर्डन या स्वतःचे पत्रक छापून विकणाऱ्या शौकिनाचा. आणि तराजू? वजन लढतीच्या आदल्या दिवशी करण्याची पद्धत आल्यावर त्याचाही भरवसा उरला नाही. फेब्रुवारी 2000 मध्ये न्यूयॉर्कला 141 पौंडांच्या मर्यादेत उतरलेला आर्तुरो गाटी प्रत्यक्ष लढतीच्या रात्री 160 पौंडांचा होता, तर जोई गमाश 145 चा. दुसऱ्या फेरीत गमाश कोसळला, त्याच्या मेंदूला इजा झाली आणि तो पुन्हा लढला नाही. ज्या भिंती त्याला वाचवण्यासाठी उभारल्या होत्या त्या कागदावरच राहिल्या.

म्हणून 'अमुक तमुकाशी लढला असता तर' ह्या वाक्याला हसू नये असे आम्हाला वाटते. मराठीत 'जर-तरच्या गोष्टी' हे शब्द आपण उपहासाने वापरतो. पण इतिहासाने ज्यांना लढूच दिले नाही त्यांच्याविषयी न्याय्य बोलायचे तर दुसरे व्याकरण उपलब्ध नाही. 'जिंकला', 'हरला' ही क्रियापदे ज्यांना रिंगणात प्रवेश मिळाला त्यांची मिरास आहे. लँगफर्डच्या वाट्याला संकेतार्थच येतो, आणि रसिकांनी तो शंभर वर्षे सांभाळला आहे.